संग्रहालयाच्या वाळूतलं पाऊल

तर्फाला संग्रहालय बघायचं नव्हतं. तिला डोळा दाखवायचा होता, आणि तो सकाळी दहालाच दाखवून झाला. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायला अजून सहा महिने थांबा, असं डॉक्टर म्हणाले. हे तिला घरीच माहीत होतं, त्यासाठी तीनशे किलोमीटर गाडीत बसून राजधानीला यायची काही गरज नव्हती. पण आईला डॉक्टरकडे नेऊन आणलं की तिच्या थोरल्या मुलाला, फालेहला, आठवडाभर हलकं वाटतं. म्हणून ती आली.

संग्रहालय ही हयाची कल्पना. हया ही फालेहची बायको, मुलींच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली. सासूला ती आत्या म्हणते. तिकडच्या बहुतेक सुना तसंच म्हणतात, मग नातं आधीचं असो वा नसो.

"आत्या, एवढ्या लांब आलोच आहोत तर बघून घेऊ. राष्ट्रीय संग्रहालय आहे."

"काय आहे तिथे?"

"आपला इतिहास."

"माझा?"

"सगळ्यांचा."

"मग माझ्यावाचून काय अडलंय?"

फालेहने दोघींना दाराशी उतरवलं आणि गाडी लावायला जागा शोधतो म्हणून निघून गेला. बावन्न वर्षांचा, अंगाने सुटलेला माणूस. त्याला चालायला आवडत नाही, त्यामुळे त्याला जागा सापडायला नेहमी बराच वेळ लागतो.

आत गारठा होता. तर्फाने पृथ्वीच्या जन्मापासून दगडांवर कोरलेल्या अक्षरांपर्यंतचा काळ अकरा मिनिटांत ओलांडला. एका मोठ्या दगडापाशी हया थांबली म्हणून तीही थांबली आणि "दगड चांगला आहे," म्हणाली. तिचं लक्ष लागलं ते पुढच्या दालनात, कारण तिथे काचेमागे तिच्या घरातलंच सामान होतं. ताक घुसळायची बकरीच्या कातड्याची पिशवी, उंटाच्या पाठीवरची झूल, कहव्याची तीन भांडी.

"ही पिशवी उलटी टांगली आहे," ती म्हणाली.

"असेल."

"असेल काय? तोंड खाली आहे. आणि त्या मधल्या भांड्याची कल्हई गेली आहे. त्यात कहवा केला तर माणसं आजारी पडतील."

"आत्या, त्यात कोणी कहवा करत नाही."

"मग ठेवलंय कशाला?"

हयाने एकतीस वर्षं इतिहास शिकवला होता. तिने सासूला पुढच्या दालनात नेलं.

शेवटच्या दालनात तंबू होता. बकरीच्या केसांचा, काळा, खराखुरा. खाली वाळूही खरी पसरली होती. चपला काढून आत जायचं, गालिच्यावर टेकायचं, फोटो काढायचे. तर्फाने आधी तंबूचे दोर बघितले.

"हे असे ओढलेत? वारा आला की पडेल."

"इथे वारा नाही आत्या."

"म्हणून उभा आहे."

मग तिने खाली वाळूकडे बघितलं.

आता इथे तर्फाबद्दल थोडं सांगायला हवं. तिचा बाप पोलिसांसाठी माग काढायचा. चोरी झाली, उंट हरवला, माणूस वाळवंटात भटकला, की गाडी येऊन त्याला घेऊन जायची. तिच्या टोळीची माणसं यासाठीच नावाजलेली. बापाला मुलगा उशिरा झाला, म्हणून त्याने दोन मुलींनाच शिकवलं. थोरली तर्फा, तीन वर्षांनी धाकटी जौझा. दोघींना अक्षर ओळखता येत नव्हतं, पण वस्तीतली प्रत्येक शेळी आणि प्रत्येक माणूस पावलावरून ओळखता यायचा. कोणाला दिवस गेलेत हे तर्फाला त्या बाईच्या नवऱ्याआधी कळायचं. ती ते बोलूनही टाकायची, त्यामुळे बायका तिच्या वाटेवर जरा जपून चालायच्या.

पुढे टोळी गावात आली, सिमेंटची घरं झाली. घरात सगळीकडे फरशी झाल्यापासून कोण कधी आलं आणि कधी गेलं हे तर्फाला विचारावं लागतं, आणि विचारलं की लोक खोटं सांगतात. फरशीबद्दल तिचं मत तेव्हापासून वाईट आहे.

तर त्या वाळूत पन्नासेक माणसांची पावलं होती. पोरांची, पर्यटकांची, एका लंगड्या म्हाताऱ्याची. आणि त्यात एक बाईचं पाऊल. उजवा पाय बाहेर वळलेला, भार सगळा बाहेरच्या कडेवर, अंगठा आणि शेजारचं बोट यांत खजुराची बी मावेल एवढी फट. डावा मात्र सरळ.

"जौझा," तर्फा म्हणाली.

"कोण जौझा?" हयाने विचारलं. मग तिला कळलं. त्या घरात हे नाव एकतीस वर्षांत कोणी घेतलं नव्हतं.

जवळच एक मुलगी गणवेशात, हातात लाकडी फावडं घेऊन उभी होती. तिचं काम वाळू सारखी करणं.

"पोरी, हे शेवटचं कधी फिरवलंस?"

"जेवण झाल्यावर, हाज्जा. अर्धा तास झाला असेल."

"ही पावलं कोणाची?"

"मला कसं कळणार?"

तर्फाने तिच्याकडे दयेने बघितलं.

म्हणजे जौझा अर्ध्या तासापूर्वी इथे होती. इमारतीतच असणार. पावलात एकच खोट होती. जौझा सात वर्षांची असताना निखाऱ्यावर पडून तिची डावी टाच भाजली होती, आणि तिथे जवाच्या दाण्याएवढी खूण कायम उमटायची. या पावलात ती नव्हती. तर्फाला ते दिसलं. एकतीस वर्षांत टाच भरून आली असेल, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. असं दुसरं कोणी बोललं असतं तर तिच्या बापाने त्याला पुन्हा शेळ्या राखायला पाठवलं असतं.

भांडण दुधाचं होतं.

तिकडचा नियम असा, की आपल्या पोराबरोबर एखादीने दुसरीचं पोर छातीला लावलं, आणि ते पाच वेळा पोटभर प्यायलं, की ती त्या पोराची दूधआई होते आणि तिची सगळी मुलं त्याची भावंडं. मग त्यांच्यात लग्न होत नाही. उलट सख्ख्या बहिणीसारखं तिला त्या भावासमोर चेहराही झाकावा लागत नाही.

जौझाला पहिली मुलगी झाली, नुवैर, तेव्हा तिला तीन दिवस कडक ताप होता. तर्फाच्या मांडीवर तेव्हा तिची स्वतःची मिझना होती. तिने नुवैरलाही पाजलं. वस्तीतल्या आणखी दोघींनीही पाजलं. कोणी किती वेळा, हे कोण मोजतंय? अठरा वर्षांनी दोघींच्या नवऱ्यांनी एका दुपारी बसून फालेह आणि नुवैरचं लग्न ठरवलं. आठ दिवसांत सगळं उरकायचं होतं. तर्फालाही ते आवडलं. बहिणीचीच मुलगी. आदल्या दिवशी मेंदी लावताना एक म्हातारी सहज बोलून गेली, "ही तर तर्फाच्या दुधावर वाढलेली." तर्फाने मेंदी खाली ठेवली. ती बोटं मोजायला लागली. पहाटे एक, उन्हं आल्यावर दोन. चार पक्क्या भरल्या. पाचव्या वेळी नुवैर प्यायली होती, की तोंड लावून झोपली होती, हे काही केल्या आठवेना.

लग्नाच्या दिवशी तिने नवऱ्याला, शाफीला, तंबूमागे बोलावलं आणि सांगितलं, "चार-पाच वेळा."

शाफी पुरुषांच्या बैठकीत गेला आणि म्हणाला, "पाच." पुरुषांच्या बैठकीत चार-पाच चालत नाही. काझी तिथेच होते. अर्ध्या तासात लग्न मोडलं. नऊ मेंढ्या कापून झाल्या होत्या, भात चुलीवर होता. पाहुणे जेवले आणि गेले.

जौझा म्हणाली, ही खोटं बोलली, हिला शिकलेली सून पाहिजे होती. दोन वर्षांनी फालेहने हयाशी लग्न केलं, तेव्हा ज्यांचा यावर विश्वास नव्हता त्यांचाही बसला. जौझा नवऱ्याबरोबर समुद्राकाठच्या शहरात निघून गेली. शाफी वारला तेव्हा तिचा नवरा येऊन गेला. ती आली नाही.

तर्फाला आता एवढंच हवं होतं की, त्या पाचव्या वेळेबद्दलची शंका जौझाला तोंडावर सांगावी आणि तिने काहीतरी बोलावं. शिव्या दिल्या तरी चाललं असतं. ती एकाहत्तरची, जौझा अडुसष्टची. दोघींपैकी एक आधी मरेल आणि हे राहून जाईल, अशी भीती तिला हल्ली रोज वाटायची.

तंबूच्या दालनाबाहेर संगमरवर होता. आरशासारखा, नुकताच पुसलेला. तर्फा त्याच्याकडे बघत उभी राहिली.

"आत्या, खाली चौकशीच्या खिडकीवर सांगू. ते भोंग्यावरून नाव पुकारतात."

"आणि काय पुकारायचं? तर्फाची बहीण, जी तर्फाशी बोलत नाही, तिने दाराशी यावं?"

"नुसतं नाव पुकारतील."

"नाव ऐकलं की ती मागच्या दाराने जाईल. मी ओळखते तिला."

संग्रहालयात त्या दिवशी बायकांची गर्दी होती. सगळ्या काळ्या अबायात, निम्म्यांच्या चेहऱ्यावर नकाब. हयाला वाटलं, आता शोध संपला. तर्फाला त्याची अडचण वाटली नाही, तिला चेहऱ्यांशी कर्तव्यच नव्हतं. ती दालनादालनांतून मान खाली घालून फिरायला लागली. बायका काचेतल्या तलवारी बघत होत्या आणि तर्फा त्यांच्या पायांकडे बघत होती. एकीने पाय मागे घेतला.

"चपला आवडल्या का हाज्जा? बाजारातल्याच आहेत."

"चपलांचं काय घेऊन बसलीस! जरा चार पावलं चालून दाखव."

"काय?"

"चाल. तिकडे जा आणि परत ये."

बाई बिचारी चालून आली. तर्फा म्हणाली, "तू नाहीस. डाव्या गुडघ्याला तेल लाव," आणि पुढे गेली.

अशा सहा-सात जणी चालून झाल्यावर रखवालदार आला. त्याने अदबीने हयाला बाजूला घेतलं. "काही हरवलंय का? आजी लोकांना चालायला लावतायत अशी तक्रार आहे."

"बहीण हरवली आहे," हया म्हणाली.

"कधीपासून?"

"एकतीस वर्षं."

रखवालदाराने वहीत काही लिहिलं नाही.

इतक्यात दुपारच्या नमाजाची अजान झाली आणि बायका त्यांच्या नमाजाच्या खोलीकडे वळल्या. तर्फाही गेली. दाराबाहेर चपला ठेवायची मांडणी होती, सत्तर-ऐंशी जोड. तिने एकेक उचलून उलटा करून बघायला सुरुवात केली. हयाने इकडेतिकडे बघितलं आणि आपण हिच्याबरोबर नाही असा चेहरा केला. खालून तिसऱ्या ओळीत एक तपकिरी जोड सापडला. उजव्या चपलेची बाहेरची कड पार झिजलेली, डावीची टाच नव्यासारखी.

तर्फाने नमाज उरकला आणि सगळ्यांच्या आधी बाहेर येऊन मांडणीपाशी जमिनीवर फतकल मारून बसली.

हयाचा फोन वाजला. फालेह होता. "पोलीस दारात थांबू देत नाही, मी चार फेऱ्या मारल्या. कुठे आहात?"

"तुमची आई चपला राखते आहे," हया म्हणाली आणि फोन ठेवला. मग तिनेही बसकण मारली. थोड्या वेळाने म्हणाली, "आत्या, एक विचारू? लोक म्हणतात तुम्ही माझ्यासाठी ते लग्न मोडलंत."

"तुला तेव्हा ओळखत कोण होतं?"

"तेच मी लोकांना सांगते."

"आणि ओळखत असते तर मुळीच मोडलं नसतं."

"हे मात्र मी सांगत नाही," हया म्हणाली.

बायका बाहेर यायला लागल्या. चपला घालून, अबाया सारख्या करून जायला लागल्या. तर्फाची नजर तपकिरी जोडावरून हलली नाही. शेवटी एक पाय आला, बाहेर वळलेला, आणि चपलेत शिरला. तर्फाने घोटा धरला.

"जौझा!"

"अहो बाई! सोडा पाय!"

घोट्याला हात लागताच तर्फाला चूक कळली होती. घोटा गुबगुबीत होता, कातडी घट्ट. अडुसष्ट वर्षांचा घोटा असा नसतो. तिने मान वर केली. इथे सगळ्या बायकाच असल्याने त्या बाईचा चेहरा उघडा होता. पन्नाशीची, रागावलेली.

"हा पाय कुणाचा?"

"माझा! आणखी कुणाचा असणार?"

"आईचं नाव?"

प्रश्न इतका पोलिसी होता की बाईने उत्तर देऊन टाकलं. "जौझा." मग ती थांबली, खाली वाकली आणि तिने तर्फाला नीट बघितलं. "अगं बाई. तर्फा मावशी?"

तर्फाने घोटा सोडला. जन्मात तिने पाऊल चुकवलं नव्हतं. उन्हाळी वाऱ्यात अर्धं पुसलेलं उंटाचं पाऊलही नाही. खूण नाही हे दिसत होतं, तरी तिने आईचा पाय म्हणून लेकीचा पाय धरला होता.

"आई मला तिच्याच पायाची म्हणते," नुवैर म्हणाली. तीही आता फरशीवर बसली. "पण तुम्हाला मी मावशी म्हणायचं की आई, हे मला कधी नीट कळलं नाही. घरात दोन्ही शब्द बंद होते."

"तुझी आई..." तर्फाने सुरुवात केली आणि पुढे तिला धीर होईना.

"आहे. तळमजल्यावर बसली आहे, कॉफी पीत, आणि कॉफीला नावं ठेवत. गुडघे गेले तिचे. चाकाच्या खुर्चीत असते. दोन वर्षं झाली, पाय जमिनीला लागला नाही."

म्हणजे दोन वर्षांत जौझाचं पाऊल कुठेच उमटलं नव्हतं. तर्फाने हे ऐकून घेतलं आणि आपल्या चपला कुठल्या ओळीत ठेवल्या होत्या, असं हयाला विचारलं.

"चला ना खाली," नुवैर म्हणाली. "आणि खरं सांगू? तुम्ही माझ्यावर उपकारच केलेत. फालेह जेवताना केवढा आवाज करायचा."

"अजून करतो," हया म्हणाली.

खाली जायची वेळ आली तेव्हा तर्फाला एकदम फालेहची काळजी वाटायला लागली. तो खोळंबला असेल, पोलीस त्रास देत असेल, अंधाराआधी घरी पोचायला हवं. हयाने तिचा दंड धरला. "आत्या, तुमच्यापायी मी सात बायकांची माफी मागितली आहे. आता माघार नाही."

जौझा भिंतीकडे तोंड करून बसली होती. नुवैरने खुर्ची वळवली. जौझाने तर्फाकडे बघितलं आणि मग तिच्या खांद्यावरून पलीकडे.

"नुवैर, ही कोण बाई?"

"आई, तुला माहीत आहे."

"माहीत असतं तर विचारलं असतं? तिला म्हणावं बस. उजेड अडवते आहे."

तर्फा बसली.

"तिला विचार, डोळ्याला काय झालं."

"मोतीबिंदू," तर्फा म्हणाली.

"तिला म्हणावं, आधीही काय दिवे लागले होते!"

हयाला हसू आलं. तिने ते खोकल्यात घातलं.

तर्फाने अबायाच्या बाह्या मागे सारल्या, जसं मोठं पातेलं उचलताना सारतात. "जौझा, चार मला पक्क्या आठवतात. पाचव्या वेळी पोर प्यायली की झोपली, मला तेव्हाही सांगता आलं नाही, आताही येत नाही. शाफीला मी चार-पाच म्हटलं. तो आत जाऊन पाच म्हणाला. मी त्याला अडवलं नाही. एवढंच. खोटं मी बोलले नाही, पण खरंही पूर्ण बोलले नाही."

जौझाने कॉफीचा कप थोडा पुढे सरकवला. मग हयाला म्हणाली, "तू ती मास्तरीण?"

"हो. निवृत्त झाले."

"काय शिकवायचीस?"

"इतिहास."

"मग हे वर जे लिहून ठेवलंय ते बरोबर आहे का?"

"बऱ्यापैकी."

"डोंबल बरोबर. ताकाची पिशवी उलटी टांगली आहे."

"तेच मी म्हटलं," तर्फा म्हणाली.

हयाचा फोन पुन्हा वाजला. "तिला म्हणावं जा," जौझा म्हणाली. "मुलगा खोळंबला आहे."

झालं. तर्फा उठली. तिने सांगायचं ते सांगितलं होतं आणि जौझा तिच्याशी बोलली नव्हती. तिला शिवीसुद्धा मिळाली नव्हती. नुवैरचा ड्रायव्हर यायला वेळ होता, तरी तीही खुर्ची ढकलत दारापर्यंत बरोबर आली.

दाराबाहेर पायऱ्या होत्या आणि पायऱ्यांखाली फालेह गाडी चालू ठेवून उभा होता. मागे पोलीस. पुरुष दिसताच नुवैरने नेहमीच्या सवयीने नकाब चेहऱ्यावर ओढला.

जौझाने खुर्चीतून हात मागे केला आणि लेकीच्या मनगटावर चापट मारली.

"काय करतेस?"

"आई, तो फालेह आहे."

"दिसतंय. आंधळी ती झाली आहे, मी नाही."

"मग?"

"भावासमोर चेहरा कोण झाकतं? काढ."

नुवैरने नकाब वर केला. फालेहला काही माहीत नव्हतं. परकी बाई चेहरा उघडते आहे एवढंच त्याला दिसलं, आणि तो सभ्यपणे गाडीच्या चाकाकडे बघायला लागला.

"बघ की रे इकडे," जौझा ओरडली. "नुवैर आहे. बहीण आहे तुझी, चाक काय बघतोस? आणि वर ये, मावशीला खाली घे. की तेवढंही चालवत नाही?"

फालेहने मान वर केली, नुवैरकडे बघितलं, मग आईकडे बघितलं. आईकडून काही खुलासा मिळेना. तो धापा टाकत वर आला, खुर्ची धरली आणि एकेक पायरी उतरवायला लागला.

तर्फा अजून वरच उभी होती. "जौझा," ती म्हणाली, "पण ते पाचव्या वेळचं..."

"सहा," जौझा म्हणाली. एकतीस वर्षांत बहिणीशी बोललेला हा तिचा पहिला शब्द.

"काय सहा?"

"सहा वेळा पाजलंस. मला ताप होता, मी मेले नव्हते. डोळे मिटून पडले होते आणि मोजत होते."

तर्फा दोन पायऱ्या उतरली. "मोजत होतीस? मग लग्नाला तूच कशी तयार झालीस?"

"मला कुठे विचारलं होतं? ठरवून आले आणि सांगितलं. मला वाटलं, तू बोलशील. तू थोरली. आठ दिवस वाट बघितली."

"आणि मी बोलले, तर खोटारडी म्हणालीस?"

"तू मला नाही बोललीस!" जौझाचा आवाज चढला. फालेहने खुर्ची मधल्याच पायरीवर थांबवली. "मी चुलीपाशी होते. वीस पावलांवर. येऊन कानात सांगितलं असतंस तर दोघींनी मिळून काहीतरी केलं असतं. तू शाफीला सांगितलंस, त्याने गावाला सांगितलं, आणि मला कोणी सांगितलं? भात वाढून नेणाऱ्या बाईने. माझ्या लेकीचं लग्न मोडलं हे मला वाढपिणीने सांगितलं."

तर्फाच्या बाजूने बोलण्यासारखं खूप होतं, एकतीस वर्षं तिने ते जमवून ठेवलं होतं. त्यातलं या वीस पावलांना लागू पडेल असं काही निघेना.

"चुकलं," ती म्हणाली.

"मग? चुकलंच."

"यम्मा," फालेह मधल्या पायरीवरून आईला म्हणाला, खुर्चीच्या वजनाने लाल झालेला, "हे गाडीत बोललं तर नाही का चालणार?"

खाली पोलिसाने शिट्टी वाजवली. मग पुन्हा वाजवली, आणि गाडीच्या टपावर थाप मारली.

"त्याला म्हणावं थांब जरा," जौझा म्हणाली. "आम्ही बोलतोय."